इटालियन चित्रपटसंगीताच्या नव्याने छापलेल्या एलपी : बाजूच्या शेवटी आवाज का फाटतो?

लातूरची श्रोती

नमस्कार. वडिलांच्या पश्चात त्यांचा रेकॉर्ड प्लेअर दोन वर्षांपूर्वी दुरुस्त करून घेतला आणि तेव्हापासून १९६० ते १९८० या काळातील इटालियन चित्रपटांच्या संगीताच्या, अलीकडे पुन्हा छापल्या गेलेल्या एलपी मी जमवत आहे. मूळ इटालियन प्रती माझ्या प्राध्यापकी पगाराच्या आवाक्याबाहेर असल्यामुळे नव्या छपाईवरच माझी भिस्त आहे. आजवर अकरा रेकॉर्ड झाल्या आहेत. त्यांत पाच एन्नियो मोरिकोने यांच्या, दोन नीनो रोता यांच्या, दोन गॉब्लिन या वाद्यवृंदाच्या आणि पिएरो उमिलियानी व रिझ ओर्तोलानी यांची प्रत्येकी एक आहे.

माझी अडचण मोरिकोने यांच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) या रेकॉर्डची आहे. पहिल्या बाजूवर कोल्हेकुईसारखी ती प्रसिद्ध साद, गिटार, ढोल असे सगळे स्वच्छ ऐकू येते. मात्र दुसऱ्या बाजूच्या अखेरीस ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ सुरू होऊन गायिका एद्दा देल्लोर्सो यांचा शब्दांवाचूनचा सूर वर चढू लागला की त्या सुराच्या कडेला वाळू घासल्यासारखी खरखर येते आणि त्यापुढच्या अंतिम द्वंद्वाच्या संगीतात ट्रम्पेट तर पार चिरकतो. ज्या तुकड्यासाठी मी ही रेकॉर्ड घेतली, नेमका तोच मला नीट ऐकता येत नाही, याचे फार वाईट वाटते.

ही प्रत मला इतर विक्रेत्यांपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळाली होती. त्यामुळे ती सीडीवरून उतरवलेली नकली छपाई असावी, असा संशय मनात घर करून बसला आहे. अस्सल आणि नकली छपाई ओळखावी कशी? आणखी एक विचारायचे आहे. गेल्या मे महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका रेकॉर्डची कड एका बाजूने उचललेली आहे आणि सुई तिच्यावर होडीसारखी वरखाली होते. ती वाचवता येईल का?

तबकडीवेडा, छत्रपती संभाजीनगर

ताई, रेकॉर्डला दोष देण्यापूर्वी एक विचार करून पाहा. मूळ ध्वनीच वाईट असता, म्हणजे तो एखाद्या निकृष्ट सीडीवरून घेतलेला असता, तर त्याचा कोरडेपणा किंवा बोथटपणा पहिल्या तुकड्यापासून शेवटच्या तुकड्यापर्यंत सारखाच जाणवला असता. तुमच्याकडे आवाज सुरुवातीला स्वच्छ आहे आणि सुई मध्याकडे सरकते तसतसा फाटत जातो. हा दोष बहुतेक वेळा तबकडीच्या भूमितीचा आणि आपल्या सुईचा असतो.

एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेते, हा वेग कायम राहतो. परंतु बाहेरच्या कडेला खाचेचा घेर मोठा असल्यामुळे सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, तर अगदी आतल्या भागात जेमतेम २१ सेंटिमीटर. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत बसवायचा, म्हणजे उंच स्वरांच्या लाटा एकमेकींना चिकटून येतात आणि जाड टोकाची सुई त्या वळणांत नीट उतरत नाही. त्यात या रेकॉर्डचा क्रम असा आहे की सोप्रानोचा, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेचा, चढता सूर आणि त्यानंतरचा ट्रम्पेट, म्हणजे संपूर्ण संगीतातले सर्वांत तीव्र भाग, दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी येतात. सुईची खरी परीक्षा तिथेच लागते.

एक साधी चाचणी करा. तुमच्याकडच्या दुसऱ्या कुठल्याही रेकॉर्डचा शेवटचा तुकडा लावा, शक्यतो ज्यात गाणारी बाई किंवा पितळी वाद्ये असतील असा. तिथेही आवाज फाटला तर दोष तुमच्या टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांड्याचा) किंवा सुईचा आहे. तसे निघाल्यास कार्ट्रिजचे, म्हणजे सुई बसवलेल्या डबीचे, दोन स्क्रू सैल करून ती कागदी मापपट्टीवर पुन्हा बसवावी लागेल. सर्वांत रूढ पद्धतीत केंद्रापासून सुमारे ६६ आणि १२१ मिलिमीटर अशा दोन ठिकाणी सुई खाचेला अचूक समांतर असावी लागते. जुने प्लेअर दुरुस्त करणारे कारागीर मोटार, पट्टा, तारा सगळे उत्तम करतात, पण हे मोजमाप त्यांच्याकडून हमखास राहून जाते. माझ्या प्लेअरचेही असेच झाले होते आणि वर्षभर मी निष्पाप रेकॉर्ड बाजूला टाकत होतो.

सुई किती जुनी आहे, तेही कळवा. गोल टोकाची सुई साधारण ५०० तास आणि लंबगोल टोकाची सुमारे ३०० तास चालते, असा ढोबळ हिशेब धरतात. झिजलेली सुई फक्त आवाज बिघडवत नाही, तर खाचेच्या भिंती कायमच्या खरवडते. त्यामुळे सुई नक्की होईपर्यंत ती रेकॉर्ड पुन्हा लावू नका, ही कळकळीची विनंती.

गोदाकाठ, नांदेड

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मी फक्त छपाईच्या अस्सलपणाबद्दल लिहितो, कारण या विषयात मी बराच वेळ आणि पैसा घातला आहे.

पुनर्मुद्रणाचे मोल ते मूळ ध्वनिमुद्रणाच्या कोणत्या टेपवरून केले यावर ठरते. १८० ग्रॅम वजन, रंगीत तबकडी, क्रमांक टाकलेली मर्यादित आवृत्ती या गोष्टी देखण्या असतात, पण त्यांतली एकही ध्वनीची हमी देत नाही. म्हणून जाकिटाची मागची बाजू भिंग लावून वाचावी आणि हक्कधारक कोण, मूळ टेप कोणाच्या ताब्यात होती, ध्वनी पुन्हा कोणी तयार केला, हे तिथे सापडते का, ते पाहावे. रोममधील सी.ए.एम. या १९५९ साली सुरू झालेल्या चित्रपटसंगीताच्या कंपनीचा प्रचंड संग्रह २०११ मध्ये शुगर या इटालियन संगीतसमूहाने विकत घेतला आणि आता त्यांतल्या रेकॉर्ड ‘कॅम शुगर’ या नावाने निघतात. बीट रेकॉर्ड्स ही रोमचीच कंपनी १९६६ पासून याच क्षेत्रात आहे. गॉब्लिनची ‘प्रोफोंदो रोस्सो’ (१९७५) ज्या सिनेव्हॉक्स कंपनीने प्रथम काढली, तिचे नाव तुमच्या प्रतीवर परवाना देणारी म्हणून असेल, तर ती समाधानाची खूण समजावी.

नकली छपाईची एक खूण मला स्वतःच्या अनुभवातून कळली. दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या एका रेकॉर्डच्या जाकिटावर कोपऱ्यात घडी पडल्यासारखी पांढरी रेघ आणि मध्यभागी तबकडीच्या घासण्याने उमटते तसे पुसट वर्तुळ दिसत होते. बोट फिरवले तर कागद गुळगुळीत! कोणा संग्राहकाकडच्या जुन्या जाकिटाचे छायाचित्र काढून, त्याच्या सुरकुत्यांसकट ते छापले होते. मागची बारीक अक्षरेही कडेला फुटलेली होती. आत वाजणारा ध्वनीही तसाच उसना असणार, हे वेगळे सांगायला नको.

लेबलच्या भोवतालच्या कोऱ्या कड्यात कोरलेले आकडेही पाहावेत, मात्र त्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नये. आजच्या असंख्य युरोपीय रेकॉर्ड चेक प्रजासत्ताकातील जीझेड मीडिया या कारखान्यात दाबल्या जातात आणि त्यांच्यावर इंग्रजी ‘ई’ हे अक्षर मध्ये असलेला क्रमांक दिसतो. त्यावरून फक्त कारखाना कळतो. टेप कोणी पाठवली, हे कळत नाही. मूळ इटालियन प्रतींवर मात्र याच कड्यात अनेकदा तारीख कोरलेली असते आणि लेबलवर एस.आय.ए.ई. या इटालियन हक्कसंस्थेचा शिक्का असतो. कधी मूळ प्रत हाती आलीच, तर ही तारीख वाचताना अंगावर रोमांच उभे राहतात.

किंमत कमी म्हणजे बेकायदाच, असे मात्र समजू नका. युरोपीय संघाने ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे केली, परंतु १९६३ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या मुद्रणांची मुदत तोवर संपून गेली होती. त्यामुळे रोता यांच्या ‘ला दोल्चे व्हिता’ (१९६०) सारख्या रेकॉर्ड तिकडे मूळ टेपशिवायही कायद्याने काढता येतात. रचनेचे मानधन तेवढे द्यावे लागते. अशा स्वस्त प्रती गुन्हा नसतात, पण त्यांचा स्रोत एखादी जुनी एलपी किंवा सीडी असू शकतो. तुमची १९६६ ची रेकॉर्ड या सवलतीत बसत नाही, म्हणून तिच्यावर हक्कधारकाचे नाव असलेच पाहिजे. ते आहे का, एवढे पाहून कळवा.

माळवद, अंबाजोगाई

ताई, वाकलेल्या रेकॉर्डबद्दल मी लिहितो. वयाची बहात्तर वर्षे याच प्रदेशात गेली आणि रेकॉर्डचे दोन शत्रू मी जवळून पाहिले, ते म्हणजे आपले ऊन आणि आपले पाणी.

एलपीचे व्हिनाइल हे प्लास्टिक साठ-सत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते. सावलीतला पारा ४३ वर असताना पत्र्याच्या गोदामात किंवा उन्हात उभ्या असलेल्या कुरिअरच्या गाडीत हे तापमान गाठायला दुपारचे दोन तास पुरतात. म्हणून मार्च उजाडला की मी परदेशातून काहीही मागवत नाही, थेट दसऱ्यानंतरच मागवतो. विक्रेत्याला नेहमी लिहून कळवावे की तबकडी जाकिटाच्या बाहेर, वेगळ्या आतल्या पिशवीत ठेवून पाठवा, म्हणजे प्रवासात ती जाकिटाची शिवण फाडत नाही. सीमाशुल्काची आकारणी वस्तूच्या किमतीबरोबर वाहतूकखर्च आणि विमा धरून होते. हे लक्षात घेऊन आम्ही तिघे-चौघे एकत्र मागणी करतो आणि निदान टपालखर्च तरी वाटून घेतो.

उचललेली कड थोडी असेल तर आशा आहे. दोन जाड, सपाट काचा घ्या, मध्ये स्वच्छ आतल्या पिशवीतली रेकॉर्ड ठेवा, वर समान वजन ठेवा आणि घरातल्या साध्या उबेत दोन-तीन आठवडे तसेच राहू द्या. लवकर व्हावे म्हणून उन्हात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. माझ्या एका मित्राने तसे केले आणि कडेची वाकण मध्यापर्यंत गेली. माझा संग्रह जुन्या वाड्यातल्या माळवदाखालच्या खोलीत, दगडी भिंतीला लागून उभा ठेवलेला आहे. पांढऱ्या मातीचे छप्पर उन्हाळ्यात स्लॅबच्या घरापेक्षा किती थंड राहते, हे आपल्याकडच्या माणसाला सांगावे लागत नाही. एकावर एक आडव्या रेकॉर्ड मात्र कधीही रचू नयेत.

पाण्याचे म्हणाल तर बोअरच्या पाण्याने रेकॉर्ड कदापि धुवू नका. पाणी वाळले की क्षार खाचेत बसतात आणि पुढे जन्मभर टिकटिक ऐकावी लागते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकायचे डिस्टिल्ड पाणी कोणत्याही बॅटरीच्या दुकानात मिळते, तेच वापरावे. इन्व्हर्टरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, काही जुन्या प्लेअरच्या मोटारीचा वेग विजेच्या वारंवारितेवर चालतो. त्यामुळे वीज गेल्यावर स्वस्त इन्व्हर्टरवर सूर किंचित सरकल्यासारखा वाटला, तर त्या वेळी रेकॉर्डबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका.

नांदेडकर मित्रांच्या एका मताला मात्र मी थोडी मुरड घालीन. मूळ टेपचा आग्रह रास्त आहे, पण टेपसुद्धा म्हातारी होते. पन्नास वर्षे पडून राहिलेल्या टेपवरून काळजीपूर्वक डिजिटल प्रत करून, तिच्यावरून छापलेली रेकॉर्ड थकलेल्या टेपवरून थेट कापलेल्या रेकॉर्डपेक्षा सरस निघू शकते. माझ्याकडे दोन्ही प्रकारच्या आहेत आणि रोता यांची सर्कशीची वाद्ये मी डिजिटल प्रतीवरूनच अधिक आनंदाने ऐकतो.

लातूरची श्रोती

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. तबकडीवेडा यांच्या सांगण्यानुसार उमिलियानी आणि गॉब्लिन यांच्या रेकॉर्डचे शेवटचे तुकडे लावून पाहिले. दोन्ही ठिकाणी तशीच खरखर होती, तेव्हाच संशयाचा काटा रेकॉर्डवरून निघाला. मापपट्टी छापून पाहिली तर कार्ट्रिज तब्बल तीन मिलिमीटर मागे बसलेली होती. ती सरकवली आणि गोल टोकाच्या सुईऐवजी लंबगोल टोकाची नवी सुई लावली. काल रात्री वीज असताना ‘द एक्स्टसी ऑफ गोल्ड’ लावले. एद्दा देल्लोर्सो यांचा सूर घंटानाद आणि तंतुवाद्यांच्या लाटेवर चढत गेला आणि अखेरपर्यंत अखंड राहिला. आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. ट्रम्पेटच्या शेवटच्या दोन-तीन स्वरांना अजून किंचित धार आहे, पण ती आता सहन होण्यासारखी आहे.

जाकिटाच्या मागे भिंगाने पाहिले. हक्कधारकाचे नाव आणि परवान्याची ओळ स्पष्ट छापलेली आहे, अक्षरांच्या कडाही स्वच्छ आहेत. विक्रेत्यावर मनातल्या मनात केलेला आरोप मी मागे घेते.

वाकलेली रेकॉर्ड आजपासून वडिलांच्या टेबलाच्या दोन काचांमध्ये ठेवली आहे. नांदेडच्या मित्रांना आणि काकांना विचारायचे होते, दसऱ्यानंतर आपण एकत्रित मागणी करणार असाल, तर त्यात माझी एक रेकॉर्ड धराल का?