महाबळचा जुना फ्लॅट की सावखेडा शिवारातलं रो-हाऊस?

भाऊ (बी-4): मंडळी, एक सल्ला हवाय. शालक पुण्याला असतो, सासू-सासऱ्यांना अमळनेरहून जळगावात आणायचंय. महाबळला दुसऱ्या मजल्यावरचा जुना टू-बीएचके बघितलाय. जवळपास तेवढ्याच पैशात सावखेडा शिवारात नवीन रो-हाऊस मिळतंय, सहा घरांची स्कीम आहे. काय करावं?

ताई (ए-2): रो-हाऊसच घ्या. गच्ची आपली, अंगण आपलं. फ्लॅटमध्ये सासूबाई बिबड्या-कुरडया कुठे वाळत घालतील?

दादा (बी-1): महाबळला लिफ्ट आहे का?

भाऊ (बी-4): नाही.

दादा (बी-1): मग दोन जिने रोज कोण चढणार?

जिजी (ए-1): पहिले पानी कितला दिनमा येस ते इचारा.

नाना (ए-3): जिजींनी बरोबर धरलं. शहराला वाघूर धरणाचं पाणी आहे, पण त्या गल्लीत ते येतं का हे बिल्डरला नको, शेजारच्या घरात विचारा. केंद्राच्या अमृत योजनेची पाइपलाइन पोचली का, गटार आहे की शोषखड्डा, बोअरला मे महिन्यात पाणी असतं का. घर मनपा हद्दीत आहे की ग्रामपंचायतीत, तेही घरपट्टीच्या पावतीवर कळेल.

सहा घरांच्या स्कीमला बहुतेक रेरा नंबर, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याखालची नोंदणी, नसेल. 8 पर्यंत घरं किंवा 500 चौरस मीटरपर्यंत जमीन असली तर नोंदणी लागत नाही, म्हणजे बिल्डर "गरज नाही" म्हणाला तर ते खरं आहे. पण नोंदणी असलेल्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, कागद रेराच्या वेबसाइटवर दिसतात. इथे ती राखण आपल्यालाच करायची. सातबारा, बिनशेती आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवानगी, पूर्ण झालं असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे राहायला द्यायची परवानगी. वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या, म्हणजे मालकी आणि बोजा तपासल्याचा अहवाल. तोवर टोकनसुद्धा देऊ नका.

आणि मंजूर नकाशा हातात घेऊन तिथली खुली जागा शोधा. मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के जागा खुली सोडावी लागते. मला याचं फार वाटतं. आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, आणि नवीन कॉलन्यांत घरं उठतात, पण सावलीला एक निंब नसतो. खुली जागा राखलेली असेल, चार झाडं जगवली असतील, तर तिथल्या लोकांना कॉलनीची काळजी आहे असं मी समजतो. म्हाताऱ्या माणसांचा दिवस अशा जागेवरच जातो.

भाऊ (बी-4): आणि महाबळचं?

नाना (ए-3): तिथे अपार्टमेंट डिक्लेरेशन (प्रत्येक फ्लॅटचा जमिनीतला हिस्सा ठरवणारा नोंदवलेला कागद) झालंय की सोसायटी आहे ते पाहा. सोसायटी असेल आणि अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करणं, झालं नसेल तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असू शकते. उद्या इमारत पाडून नवी बांधायची म्हटलं की तिथेच अडतं. बिल्डर करून देत नसेल तर सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयातून मानीव अभिहस्तांतरण मिळतं, पण त्यासाठी सभासद एकत्र यावे लागतात.

ताई (ए-2): फक्त सासूबाईंच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे ना?

नाना (ए-3): आहे. पण सवलतीवरून घर ठरवू नका.

काका (बी-3): रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायची वेळ आली तर शिवारात रिक्षा मिळेल का? महाबळहून सगळं हाकेच्या अंतरावर आहे. मुलगा पुण्यात, हे विसरू नका.

भाऊ (बी-4): हे डोक्यातच आलं नव्हतं. शालकाला रो-हाऊसच आवडलंय.

नाना (ए-3): राहायचं त्यांना नाही, आई-वडिलांना आहे. माझं स्पष्ट मत, आत्ता काहीच विकत घेऊ नका. महाबळ नाहीतर रिंग रोडच्या बाजूला तळमजल्यावर भाड्याने घ्या आणि एक उन्हाळा काढू द्या. पाणी, बाजार, शेजार, गरमी सगळं त्यांना कळेल. मग ते सांगतील तिथे घ्या.

काका (बी-3): भाड्याचे पैसे फुकट जातात असं शालक म्हणेल.

नाना (ए-3): म्हणू दे. चुकीचं घर विकायला निघालात तर त्याहून जास्त जातात.

ताई (ए-2): आमच्याच विंगमध्ये तळमजल्याचा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होतोय. मागे थोडी मोकळी जागाही आहे. मालकांशी बोलू का?

भाऊ (बी-4): बोला ताई. शनिवारी सासू-सासऱ्यांनाच दाखवायला घेऊन येतो.