०.३ मिमीचं बिट एफआर-४ मध्ये सारखं तुटतंय, फीड अजून उतरवू का?

होटगीरोड_सीएनसी:
नमस्कार मंडळी. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाच्या कंट्रोल कार्डांचे नमुने करतो. १.६ मिमी एफआर-४ (काचेचं कापड आणि राळेचा सर्किट बोर्ड), दोन्ही बाजूंना तांबं. ०.३ मिमी कार्बाइड बिट, शँक (धरायचा दांडा) ३.१७५ मिमी, ईआर-११ कोलेट (दांडा आवळणारी पकड), स्पिंडल २४,००० आरपीएम. तुटू नये म्हणून फीड (बिट खाली उतरायचा वेग) मिनिटाला ६० मिमीच ठेवलाय आणि ०.२ मिमीच्या टप्प्यांनी पेक करतो (थोडं पाडून बिट वर घेतो, मग पुढे). तरी चाळीस-पन्नास होलांत बिट जातं. फीड अजून उतरवू का? बिटवर येणारा जोर मोजता येतो का?

बारीकभोक:
उतरवू नका, चढवा! ६० भागिले २४,००० म्हणजे एका फेऱ्याला २.५ मायक्रॉन. धारा दोन, म्हणजे एकीच्या वाट्याला सव्वा मायक्रॉन. धारेची स्वतःची गोलाई त्याहून जास्त असू शकते, मग काच कापली जात नाही, नुसती घासली जाते. धार मरते, राळ तापते (साध्या एफआर-४ ची राळ १३०-१४० अंशांना मऊ पडते), भुकटी बिटच्या खाचेत चिकटते आणि होलागणिक जोर वाढत जातो. फेऱ्याला १० मायक्रॉन धरा, म्हणजे मिनिटाला २४० मिमी. एकदम नको, १२०, १८०, २४० असं चढा.

पेक बंद करा. खोली व्यासाच्या सव्वापाच पट आहे, एका दमात होतं. दर पेकला टोक पुन्हा टेकतं, पुन्हा घासतं. वर ०.१५ मिमी अॅल्युमिनियमचा पत्रा, खाली सपाट एमडीएफ, आणि खालच्या एमडीएफमध्ये ०.३ मिमी शिरू द्या.

ताणाबाणा:
फीडचं पटलं, पण आधी रनआउट (फिरताना बिट मध्यापासून किती हलतं ते) बघा. नव्या बिटला सरळ खालचा जोर काही न्यूटनच असतो, त्यातही मोठा वाटा टोकाच्या मधल्या चिझल एजचा, कारण ती कापत नाही, दाबते. तेवढा जोर बिट सोसतं. ते मरतं वाकण्यानं. ०.६ च्या मानानं ०.३ चं बिट वाकायला १६ पट नरम असतं, कारण हिशेब व्यासाच्या चौथ्या घाताचा आहे. शिवाय खाचेची लांबी निम्मी केली तर बकलिंगला (दाबाखाली कमान होऊन मोडण्याला) चौपट टिकतं, म्हणून आखूड खाचेचं बिट घ्या.

कोलेट ३.१७५ चंच हवं. ३.५ चं आवळून चालवलं तर बिट धरलं जातं, पण मध्यात राहत नाही. आपल्याकडे कारखान्यात कापसाचं तूस उडत असतं, त्याचा एक धागा कोलेटच्या कोनात अडकला तरी पुरे. दर वेळी ब्रश मारून पुसा. डायल (मायक्रॉनमधली हालचाल दाखवणारं मापक) लावून शँकवर, कोलेटच्या तोंडाशी, हातानं फिरवून बघा: १० मायक्रॉनच्या आत चांगलं, २० च्या वर असेल तर बिट पाव फेरा फिरवून पुन्हा बसवा. डायल नसेल तर पत्र्यावर जेमतेम टेकवा आणि भिंगाखाली खूण बघा. मधे गाठ, भोवती कडी दिसली की समजा टोक घुमतंय.

अजून एक. एफआर-४ मधलं काचेचं कापड चादरीसारखंच विणलेलं असतं. उभा-आडवा धागा जिथं एकमेकांवर चढतो त्या उंचवट्याच्या उतारावर टोक पडलं की ते शेजारच्या मऊ राळेकडे घसरतं. वरचा पत्रा टोकाला सुरुवातीलाच आधार देतो तो याचसाठी.

होटगीरोड_सीएनसी:
कोलेट ३.५ चंच निघालं, बदलतो. जोर मोजायला किचनचा काटा चालेल?

बारीकभोक:
नाही. २४० मिमीच्या फीडला बोर्ड ०.४ सेकंदात संपतो, काटा तोवर आकडाही दाखवत नाही. १ किलोचा लोडसेल (वजनाचा सेन्सर) एमडीएफखाली बसवा, त्याचे आकडे वाचणारं एचएक्स७११ मॉड्यूल सेकंदाला ८० वाचनांवर ठेवा (१० वर चार वाचनंच मिळतील). १०२ ग्रॅम म्हणजे १ न्यूटन. सेल दबतो, म्हणून त्यावर फक्त चाचणीचे होल पाडा. नव्या बिटचे पहिले दहा आकडे लिहून ठेवा, दर शंभर होलांनी परत घ्या. दीडपट झाले की बिट बदला. आणि व्हॅक्यूम चालू ठेवा, तोंडाला मास्क लावा, काचेची भुकटी फुप्फुसाला वाईट.