सासूबाईंना एकटीने वापरता येईल असा मायक्रोवेव्ह कोणता घ्यावा?

विश्रामबागची सूनबाई, सांगली
नमस्कार मंडळी. आमचा २८ लिटरचा कन्व्हेक्शन (गरम हवेवर केकही भाजणारा) मायक्रोवेव्ह बंद पडलाय. दिवा लागतो, ताटली फिरते, पण दूध गार ते गारच. मेकॅनिक म्हणाला, मॅग्नेट्रॉन, म्हणजे अन्न तापवणारा भाग, गेलाय, बटणांचं पॅनेलही धड नाही, दोन्ही बदलण्यापेक्षा नवीनच घ्या. आता लेकीला केकसाठी कन्व्हेक्शन हवाय, यांना ग्रिल. माझी काळजी वेगळी आहे. मी सकाळीच मिरजेला शाळेवर जाते, दुपारी घरी सासूबाई एकट्या. त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत आणि संधिवातामुळे गॅसचा लायटर दाबवत नाही. जुन्याची बटणं इतकी सपाट होती की बोटाला कळायचीच नाहीत, म्हणून मी स्टार्टवर टिकली चिकटवून दिली होती. आता त्या गार आमटी-भात खातात आणि वर "मला गारच आवडतं" म्हणतात. मला ते बघवत नाही हो. काय घेऊ?

कुपवाडचा वायरमन
वहिनी, डोळे मिटून २० लिटरचा सोलो, म्हणजे ग्रिल-कन्व्हेक्शन नसलेला साधा, घ्या, दोन गोल नॉबचा. एक पॉवरचा, एक वेळेचा. वेळेचा फिरवला की सुरू, टिंग वाजलं की बंद. वाचायची गरजच नाही. दुकानात दार मात्र स्वतः उघडून बघा. काहींचं बटण दाबून उघडतं, त्याला बऱ्यापैकी जोर लागतो. दुखऱ्या बोटांना हँडल ओढायचं दार बरं.
खोक्यावर ८०० वॅट लिहिलेलं असतं ती अन्नाला मिळणारी ताकद, वीज साधारण १२०० वॅट ओढतो. कन्व्हेक्शन २००० च्या वर जाऊ शकतो. कुठलाही घेतलात तरी १६ अँपिअरचा अर्थिंगवाला पॉइंट द्या, एक्स्टेंशन बोर्ड नको.
आणि जुना घरी कुणाला उघडू देऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा करंट राहू शकतो.

मिरजेची बेकर
ताई, लेकीची समजूत घालायला मुद्दा देते. केकसाठी ओटीजी, म्हणजे कॉइलवर तापणारा छोटा ओव्हन, वेगळा घ्या. त्यात खालीवर कॉइल असतात, केक छान फुगतो, ग्रिलही होतं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचंही काम झालं. एकाच यंत्रात सगळं कोंबलं की बटणं वाढतात आणि आजींची पंचाईत होते.
माझी आई ऐंशीच्या पुढची आहे, म्हणून सांगते. जुन्या माणसांचा हात सवयीने स्टीलच्या वाटीकडेच जातो, आणि ती मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. कान असलेले काचेचे बाऊल मायक्रोवेव्हच्या शेजारीच ठेवा. मायक्रोवेव्ह ओट्यावर हवा, फ्रिजवर किंवा फळीवर नको, गरम आमटी डोक्याच्या उंचीवरून उतरवायला लागते. नुसतं पाणी त्यात उकळायला लावू नका. कधी कधी बुडबुडे न येताच ते जास्त तापतं आणि चमचा घातला की उसळतं. चहा थर्मासमध्ये भरून ठेवलेला बरा.

विश्रामबागची सूनबाई, सांगली
दाराचं तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! रविवारी सासूबाईंनाच दुकानात नेते. दार त्या उघडतील, नॉब त्या फिरवतील, त्यांना जमेल तोच घरी येईल. ओटीजीचं लेकीला पटलं, दिवाळीला घेऊ. आता एवढंच सांगा, बंद पडलेला मायक्रोवेव्ह इथे कुणी एक्स्चेंजमध्ये घेतं का?