सामाईक स्वयंपाकघरात कोरियन स्वयंपाक: साहित्य किती आणि किमची कशी?

प्रश्न

मी विद्यार्थी असून आम्ही चौघे भाड्याच्या घरात एकत्र राहतो. माझ्या वाट्याला फ्रिजचा एक कप्पा, एक पातेले आणि एक तवा येतो. कोरियन पदार्थ स्वतः करून खाण्याची मनापासून इच्छा आहे, पण पाककृती वाचायला घेतली की साहित्याची यादी संपता संपत नाही. सुरुवातीला कमीत कमी काय घ्यावे? किमची, म्हणजे आंबवलेल्या कोबीचे तिखट लोणचे, घरी घालावी, की वासावरून घरात कुरबुरी सुरू होतील? आमच्यापैकी एक जण शाकाहारी आहे.

मिठाचा खडा

सुरुवातीला गोचुजांग ही आंबवलेली तिखट पेस्ट, सोया सॉस आणि भाजलेल्या तिळाचे तेल एवढेच घ्या. गरम भात, परतलेल्या भाज्या, वर अंडे आणि चमचाभर गोचुजांग एवढ्यावर बिबिमबाप होतो. तेल मात्र शेवटी घालावे, कारण तापवले की त्याचा सुगंध उडतो. त्तोकबोक्की हा तिखट रश्शातला पदार्थही एकाच पातेल्यात होतो. त्यातील त्तोक, म्हणजे तांदळाच्या पिठाचे चिवट तुकडे, कडक असतील तर आधी पाण्यात भिजवावेत आणि रस्सा दाट होताना सतत ढवळावे, नाहीतर ते तळाला धरतात. जेवण वाढताच पातेल्यात पाणी घालून ठेवा. वाळलेले गोचुजांग घासता घासता नाकी नऊ येतात आणि सामाईक घरात खरी भांडणे सिंकवरूनच होतात.

सांजवारा

किमची जरूर घाला, पण अख्ख्या कोबीची नव्हे, तर आधीच तुकडे करून घालतात ती मात किमची. ती थोडी करता येते आणि लहान बरणीत मावते. नापा कोबीला (लांबट चिनी कोबीला) मीठ लावून त्याचा जाड पांढरा देठ न मोडता वाकेपर्यंत ठेवावे, मग धुऊन नीट निथळावे आणि मसाला चोळावा. बरणी काचेचीच असावी, कारण प्लास्टिकला लागलेला वास आणि रंग जात नाही. ती काठोकाठ भरू नये. आंबताना वायू तयार होतो आणि रस वर चढून बाहेर येतो, म्हणून खाली ताटली ठेवावी. एखाद-दोन दिवस बाहेर ठेवून मग फ्रिजमध्ये ठेवावी, म्हणजे आंबणे मंदावते. खूप आंबट झालेली किमची टाकू नका, किमची जिगे या किमचीच्या तिखट रश्शाला तीच हवी.

शिवाय हे एकट्याने करायचे काम नाही, असे मला फार वाटते. कोरियात हिवाळ्यापूर्वी अनेक जण मिळून किमची घालतात, त्याला किमजांग म्हणतात; दक्षिण कोरियातील या प्रथेचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. घरातल्यांना मसाला चोळायला बसवलेत, तर वासाची तक्रार निम्मी तिथेच मिटेल.

रातवा

शाकाहारी मित्राला वाढण्यापूर्वी एक लक्षात घ्या: किमचीत बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि जिगेचा रस्सा अनेकदा सुक्या अँकोव्ही मासळीचा असतो. किमचीत त्याऐवजी सोया सॉस चालतो. रस्शासाठी दाशिमा हे सुके समुद्रशैवाल आणि सुके शिताके मशरूम उकळावेत. दाशिमा मात्र दहा मिनिटांत काढून घ्यावे, नाहीतर कडवटपणा उतरतो. कोणाला गव्हाची अॅलर्जी असेल, तर गोचुजांगच्या डब्यावरील घटकही वाचा. अनेक प्रकारांत गहू असतो.