सैतानाचा पाव आणि 'आ राश्का'
हालअपेष्टा सोसण्याला पोर्तुगीजमध्ये 'सैतानाने मळलेला पाव खाणे' म्हणतात, याला तोड नाही हे मान्य, पण त्यापुढे इंग्रजी वाक्प्रचार मिळमिळीत वाटतात असं जे कुणी म्हणतं ते काही पटलं नाही, 'बिटवीन अ रॉक अँड अ हार्ड प्लेस' (इकडे आड तिकडे विहीर) काय गुळमुळीत आहे का?

आणि पोर्तुगीजपण एकच नाही हो. ब्राझीलवाले पैशाची ओढाताण असो की प्रवासातले हाल, सरसकट 'पेहेंगी' म्हणतात, पोर्तुगालमध्ये 'आ राश्का'. या 'आ राश्का'चा भारी किस्सा आहे. १९९४ ला आंदोलन करणाऱ्या विद्यार्थ्यांना तिथल्या पुब्लिकु पेपरच्या संपादकाने 'राश्का' म्हणजे थिल्लर पिढी म्हटलेलं. मग मार्च २०११ ला डिग्र्या घेऊन टेम्पररी नोकऱ्यांत पिचलेली पोरं लिस्बन, पोर्तूत रस्त्यावर उतरली ती त्यात फक्त एक 'आ' घुसवून, म्हणजे पुरती गोत्यात आलेली पिढी! काही इंग्रजी बातम्यांत त्याचं नुसतं 'डेस्परेट' झालं, टोमणा गेला वाया.