तुर्की ब्रंच: सेर्पमे घ्यावे की सुटे पदार्थ?

धागाकर्ती: येत्या रविवारी आम्ही चौघे घराजवळच्या तुर्की रेस्तराँमध्ये ब्रंचला जाणार आहोत. जागा देखणी आहे आणि मेन्यूही पाहून ठेवला आहे. परंतु ‘सेर्पमे काहवाल्ती’ हा सर्वांनी वाटून खाण्याचा प्रकार घ्यावा की मेनेमेन, चिल्बिर असे अंड्यांचे पदार्थ सुटे मागवावेत, हे ठरत नाही. आमच्यापैकी दोघी अंडी खातात, पण मांस खात नाहीत. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चहाटळ: सेर्पमेच घ्या. ‘सेर्पमे’ म्हणजे विखुरलेले, पसरलेले. चीज, ऑलिव्ह, टोमॅटो-काकडी, मुरंबे, तीळ लावलेले गोल सिमित अशा लहान लहान बश्यांनी टेबल भरून जाते आणि बोलत बोलत दोन तास सहज निघून जातात. त्यातला कायमाक, म्हणजे दाट साय, मधासह ताज्या पावावर घेतल्याशिवाय उठू नका. ‘काहवाल्ती’ या शब्दाची फोड ‘कॉफीच्या आधीचे’ अशी होते, म्हणून खाताना कमरेशी निमुळत्या काचेच्या पेल्यातला कोरा चहा घ्यावा आणि कॉफी शेवटी मागवावी. आल्या आल्या कॉफी मागवलीत तर कोणी अडवणार नाही, पण खाण्याची लय बिघडते, असे माझे मत आहे.

अर्धीभाकर: वरील मताशी मी अंशतः असहमत आहे. चौघांसाठी चौघांचे सेर्पमे मागवले की निम्म्या बश्या तशाच परत जातात. दोघांपुरते घेऊन त्याला दोन गरम पदार्थांची जोड द्यावी. त्यांपैकी एक चिल्बिर असावा, कारण स्वयंपाकघराची खरी परीक्षा तिथेच होते. लसूण घातलेल्या दह्यावर पाण्यात शिजवलेली अंडी ठेवून वरून तिखट मिरचीचे गरम लोणी ओततात. पण दही फ्रिजमधून थेट बशीत आले असेल, तर तिसऱ्या घासापर्यंत अंडे गार होते आणि लोणी थिजून लालसर पापुद्रा धरते. एका अतिशय सजवलेल्या रेस्तराँमध्ये मला नेमके असेच चिल्बिर मिळाले होते, तेही पिवळा बलक पूर्ण घट्ट झालेले. दही फ्रिजबाहेर काढून ठेवलेले असते का, हे ऑर्डर देतानाच विचारावे. त्यात संकोच कसला?

पेकमेझ: मांस न खाणाऱ्यांसाठी दोन सूचना. सुजुक हे मसालेदार सॉसेज बहुधा गोमांसाचे असते आणि ते अनेकदा अंड्यांबरोबरच तव्यावर परतून येते, त्यामुळे ‘अंडी’ एवढेच वाचून ऑर्डर देऊ नये. शिवाय पांढऱ्या चीजसाठी प्राणिजन्य रेनेट, म्हणजे दूध गोठवण्यासाठी वापरले जाणारे वासरांच्या जठरातले द्रव्य, वापरलेले असू शकते. ज्यांना ते चालत नाही, त्यांनी आधी फोन करून विचारलेले बरे. टोमॅटो, हिरवी मिरची आणि अंडी यांचे मेनेमेन मात्र साधारणतः निर्धोक असते. त्यात कांदा घालावा की नाही, हा तुर्कस्तानातला जुना वाद आहे. खाद्यसमीक्षक वेदात मिलोर यांनी 2018 मध्ये ट्विटरवर कौल घेतला, तेव्हा चार लाखांहून अधिक मते पडली आणि कांदेवाले निसटत्या बहुमताने जिंकले.

धागाकर्ती: सर्वांचे आभार. दोघांपुरते सेर्पमे, एक मेनेमेन आणि दह्याची चौकशी करून एक चिल्बिर, असे ठरवले आहे. रेनेटविषयी उद्याच फोन करते. मेनेमेनमध्ये कांदा असतो का, हे मात्र विचारणार नाही, कारण आमच्या चौघांतही त्यावरून दोन तट पडायला वेळ लागणार नाही.