मोटर ओढली की ८९एस५२ वेडा होतो, रिसेट आयसी लावू का?

जुनाट_८०५१:
पंपाच्या टायमरचं एक बोर्ड तीन महिने छळतंय. मायक्रोकंट्रोलर एटी८९एस५२, ११.०५९२ मेगाहर्ट्झचं क्रिस्टल, वेळा साठवायला २४सी०२ (ईईप्रॉम, म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी). रिसेटला आपलं नेहमीचंच: व्हीसीसीकडून (५ व्होल्टची लाइन) १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, खाली ८.२के रेझिस्टर. टेबलावर महिनाभर चाललं, हू की चू नाही. पॅनेलमध्ये बसवलं आणि मोटरचा काँटॅक्टर (मोठा विजेवर चालणारा स्विच) ओढला की दहातून एखाद्या वेळी डिस्प्ले गोठतो. तेही चालवून घेतलं असतं, पण दोनदा साठवलेल्या वेळा जाऊन तिथे २५५ आलं. स्कोप लावला तर ५ व्होल्टची लाइन ३.४ पर्यंत बसते आणि ३० मिलिसेकंदांत परत वर येते. मग रिसेट का होत नाही? व्होल्टेज बघून रिसेट देणारी आयसी लावली तर हे जाईल का?

तांबडी_वायर:
स्कोपचा प्रोब आता आरएसटी (रिसेट) पिनवर ठेवा. कपॅसिटर आधीच भरलेला आहे. लाइन ३.४ वरून ५ वर आली म्हणजे उडी फक्त १.६ व्होल्टची, तेवढाच टेंगूळ पिनवर दिसेल, फार तर. त्या पिनला 'वर' वाटायला व्हीसीसीच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. आरसी रिसेट (रेझिस्टर-कपॅसिटरचा) लाइन पूर्ण शून्यावर जाऊन आली तरच खरा.

दुसरीकडे ही चिप ४ व्होल्टच्या खाली नीट चालेल अशी हमीच नाही. प्रोग्राम काउंटर (पुढची सूचना कुठली ते सांगणारा) कुठेही भरकटतो, आणि भरकटत नेमका ईईप्रॉमच्या राइट रूटीनमध्ये शिरला की तुमचं २५५.

व्होल्टेज बघून रिसेट देणारी मॅक्स८१० लावा, ४.३८ व्होल्टला रिसेट देणारा 'एम' प्रकार. 'एल' प्रकाराचा उंबरठा ४.६३ आहे, ५ व्होल्टच्या वाटेत डायोड असेल तर बोर्ड कायम रिसेटमध्येच बसेल (अनुभवाचे बोल). जुना कपॅसिटर काढा. लाइन सावरल्यावरही ही आयसी साधारण २४० मिलिसेकंद रिसेट धरून ठेवते.

बिटफिरा:
एवढं कशाला? वॉचडॉग (प्रोग्राम अडकला की रिसेट देणारा टायमर) चिपच्या आतच आहे. त्याच्या डब्ल्यूडीटीआरएसटी रजिस्टरला १ई आणि मग ई१ लिहा, झालं.

तांबडी_वायर:
वॉचडॉग जागा होतो चोरी झाल्यावर. तोवर ईईप्रॉममध्ये लिहूनही झालेलं असतं. ठेवा जरूर, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

जुनाट_८०५१:
आधी माझा शहाणपणा ऐका. डब्यात मॅक्स८०९ पडला होता, एका आकड्याने काय बिघडतंय म्हणून तोच लावला. बोर्ड ठार मेलं. आरएसटीवर ५ व्होल्ट, हलायचं नाव नाही. अर्ध्या तासाने ट्यूब पेटली: ८०९ रिसेट देताना पिन खाली ओढतो, ८०५१ ला (८९एस५२ त्याच घराण्यातला) ती वर लागते. म्हणजे सगळं ठीक असताना मी त्याला रिसेटमध्ये डांबून ठेवलं होतं!

मग ८१०एम आणला. आता गोठत नाही, पण नवीनच तमाशा. काँटॅक्टर ओढला की रिसेट, रिसेट झाला की रिले परत ओढतो, की परत रिसेट. टकटक-टकटक. आयसी खराब आहे का?

तांबडी_वायर:
रिले यूएलएन२००३ (रिले चालवणारी ड्रायव्हर आयसी) वरून, आणि त्याचा इनपुट थेट पोर्टवर, बरोबर? रिसेटमध्ये ८०५१ चे सगळे पोर्ट १ होतात. आतला पुल-अप (पिन वर ओढणारा) अशक्त असला तरी यूएलएनमधल्या डार्लिंग्टनला (ट्रान्झिस्टरच्या जोडीला) पुरतो. पॉवर देताना रिले एकदा 'टक' करायचा का पूर्वीपासून?

जुनाट_८०५१:
करायचा! मला वाटायचं रिलेच तसला आहे.

तांबडी_वायर:
तेच. पूर्वी ते एका टकवर निभावायचं, आता पाव सेकंद धरलं जातं आणि मोटर पुन्हा लाइन पाडते. पोर्ट शून्य झाल्यावर रिले ओढेल असं करा. बीसी५५७ (पीएनपी ट्रान्झिस्टर), एमिटर ५ व्होल्टला, कलेक्टर यूएलएनच्या इनपुटला, बेसला ४.७के मधून पोर्ट. प्रोग्राममध्ये तो बिट उलटा करायला विसरू नका. आणि ७८०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) च्या आधीचा कपॅसिटर केवढा आहे?

जुनाट_८०५१:
४७० मायक्रोफॅरड. २२०० केला, बीसी५५७ टाकला. आज काँटॅक्टर साठ वेळा ओढला-सोडला, वेळा जशाच्या तशा. लाइन आता ४.६ च्या खाली जात नाही, त्यामुळे ८१० ला काम उरलेलं नाही. तरी मुद्दाम ट्रान्सफॉर्मरची वायर हलवून बघितलं. रिसेट झाला, रिले गप्प.

फक्त प्रोग्रामर (चिपमध्ये प्रोग्राम भरायचं यंत्र) आता चिप ओळखत नाही.

बिटफिरा:
८१० पिन खाली धरतोय, प्रोग्रामर वर ओढतोय. दोघांच्या मध्ये १के टाका, ८१० च्या बाजूला. प्रोग्रामरची वायर थेट आरएसटीवर.

जुनाट_८०५१:
ओळखली.